इल्यूशिन इल-२८ (१/७२) पासून काल्पनिक जेट सीप्लेन: हल (बोटीसारखं पोट), इंजिनं आणि फ्लोटबद्दल सल्ला हवा

स्प्रूकटर
ट्रम्पेटर कंपनीचं १/७२ प्रमाणातलं इल-२८ बॉम्बफेकी विमानाचं प्लास्टिक किट हातात आहे. त्यातून १९५० च्या दशकातली सोव्हिएत नौदलाची काल्पनिक उडती बोट करायची आहे. अडचणी तीन. इंजिनं पंखाखाली लोंबतात, म्हणजे पाण्याचे फवारे थेट तोंडात. पोट गोल आहे, त्याला बोटीचा आकार कसा द्यायचा? आणि चाकांच्या खोबणी बुजवायच्या की झाकायच्या? खास रेझिन कन्व्हर्जन सेट नको, प्लास्टिक शीट आणि पुट्टीत भागवायचं आहे.

पत्रा_आणि_पुट्टी
किट बरोबर निवडलंत. बेरिएव्हची आर-१ ही सोव्हिएत संघाची पहिली जेट उडती बोट. ती १९५२ मध्ये उडाली आणि तिच्यात इल-२८ चीच व्हीके-१ इंजिनं होती, प्रत्येकी २७०० किलो ढकल. त्यामुळे तुमचं विमान काल्पनिक असलं तरी शक्यतेच्या कक्षेत बसतं.

इंजिनांसाठी पंखच उलटा करा. डावा पंख उजवीकडे आणि उजवा डावीकडे, दोन्ही पालथे. पुढची कड पुढेच राहते आणि नॅसेल (इंजिनांची आवरणं) पंखाच्या वर येतात. इल-२८ चा पंख जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे टोकं वेडीवाकडी दिसत नाहीत.

यात तीन ठिकाणी माती खाल्ली जाते:

- पालथ्या पंखाचा बसवणीचा कोनही उलटतो आणि पुढची कड खाली झुकते. म्हणून किटची खाच वापरू नका. खाच आणि जीभ दोन्ही सपाट करून प्रत्येक बाजूला १ मिमी पितळी तारेच्या दोन पिना घाला. पुढची कड मागच्यापेक्षा साधारण दीड मिमी वर ठेवून मगच भोकं पाडा.
- बुडाशी पंखाचा छेद आणि फ्यूजलाजवरचा (विमानाच्या धडावरचा) आकार जुळणार नाही, फट राहील. ती पुट्टीने भरू नका, आधी ०.५ मिमी शीटची फाचर मारा. जाड पुट्टी आकसते आणि महिन्याभराने सांध्यावर रेघ उमटते.
- मुख्य चाकं नॅसेलच्या पोटात जातात. आता ते पोट आभाळाकडे. दारं बंद करून आतून शीटची पट्टी लावा, वरून सायनो (सुपरग्लू) आणि बेबी पावडर. तासाभरात घासून घ्या. रात्रभर ठेवलंत तर सायनो आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि शेजारी खड्डे पडतात.

नॅसेल वर आले की त्यांचा झोत आडव्या शेपटीच्या वाटेत येऊ शकतो. तिची दोन्ही पानं उभ्या शेपटीवर निदान २० मिमी वर सरकवा, ०.८ मिमी तारेची पिन आरपार घालून. मार्टिनच्या पी६एम सीमास्टरवरही इंजिनं पंखावरच होती. सुरुवातीची फ्यूजलाजच्या इतकी जवळ होती की आफ्टरबर्नरच्या (जादा ढकलीसाठीच्या) ज्वाळेने हल भाजली, आणि पुढच्या विमानांत नॅसेल बाहेरच्या बाजूला वळवावे लागले. इल-२८ मध्ये आफ्टरबर्नर नाही आणि नॅसेलही फ्यूजलाजपासून दूर आहेत, म्हणून तो प्रश्न इथे नाही.

खाडीकिनारा
हलबद्दल लिहितो, खरं काम तिथेच आहे.

फ्यूजलाज कापू नका, अखंड ठेवून खाली बोट चिकटवा. पोटाची रुंदी २५ मिमी धरली आहे, तुमच्या किटवर मोजून घ्या. आधी १ मिमी शीटची कील, म्हणजे तळाचा मधला कणा, कापा (आमच्याकडे होडीचा पठाण म्हणतात तोच). तळाचा व्ही प्रत्येक बाजूला २२ अंशांचा ठेवा. अर्धी रुंदी १२.५ गुणिले ०.४०, म्हणजे चाइनपासून (बाजू आणि तळ मिळतात त्या कडेपासून) कील ५ मिमी खाली. दर १५ मिमीला आडवी भिंत.

स्टेप (तळातली आडवी पायरी) गुरुत्वमध्याच्या किंचित मागे हवी. गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर धरा. स्टेप खूप मागे गेली तर खऱ्या विमानाचं नाक पाण्यातून उचललं जात नाही, खूप पुढे आली तर शेपूट आपटतं. स्टेपची खोली हलच्या रुंदीच्या ८ टक्के, म्हणजे २ मिमी. स्टेपमागे कील ७ अंशांनी वर चढवा.

किती खोल हल हवी हे नजरेने ठरवू नका, हिशेब करा. विमानाचं वजन १८.४ टन धरा. ७२ चा घन ३,७३,२४८. त्याने भागलं की मॉडेलने साधारण ४९ घन सेंमी पाणी हटवायला हवं. पाण्यातली लांबी १९.५ सेंमी, रुंदी २.५ सेंमी, आकाराचा गुणांक ०.७ घेतला तर बुडती खोली येते १४ मिमीच्या आसपास. आता कील पोटाखाली फक्त ८ मिमी ठेवली, तर पाणी मूळ पोटाच्या ६ मिमी वर येतं. नेव्हिगेटरच्या काचा बुडतात आणि पंखाचं बूड पाण्यापासून जेमतेम १२ मिमीवर राहतं. म्हणून कील पोटाखाली १४ मिमी न्या: चाइनपर्यंत ९ मिमी उभी भिंत, त्याखाली ५ मिमीचा व्ही. मग पाण्याची रेषा जवळजवळ मूळ पोटावर येते. एवढ्या खोल हलला स्टेप गुरुत्वमध्याच्या ७ ते ९ मिमी मागे धरा. मागची कील ७ अंशांनी चढत साधारण ९८ मिमीवर पोटाला मिळते, म्हणजे शेपटीच्या टोकाशीच.

आता कातडं. ०.२५ मिमी शीट वापरली तर भिंतींच्या मधे ती आत बसते आणि हल मरतुकड्या बैलाच्या बरगड्यांसारखी दिसते. ०.५ मिमी घ्या. टामिया एक्स्ट्रा थिन सिमेंट फक्त कडांना लावा आणि बंद पोकळीला आतल्या बाजूने १ मिमीचं एक भोक ठेवा. सॉल्व्हंटची वाफ आत कोंडली तर आठवड्याभराने प्लास्टिक मऊ पडून सुरकुततं. नाकाच्या वळणावर मात्र ०.२५ च्या दोन पातळ थरांशिवाय इलाज नाही. शीट गरम पाण्यात बुडवून ब्रशच्या दांड्यावर वळवा. उरलेली पोकळी एम-सीलने भरा. हार्डनर नीट मळा, नाहीतर चिकट राहतं.

डोंबिवली७२
चाइनवर ०.७५ मिमी चौकोनी पट्टी लावा, किंचित खाली झुकवून. नाकापासून स्टेपच्या थोडं आधीपर्यंत पुरे. तेच फवारा दाबतं, आणि मॉडेलवर उडती बोट ओळखू येते ती याच रेघेने.

शीट घेताना काळजी. साइनबोर्डवाल्यांकडचं सनबोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसी फोम असतं. त्याला मॉडेलचं पातळ सिमेंट धरत नाही. हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन मागा आणि तुकड्यावर सिमेंटचा एक थेंब टाकून बघा. पृष्ठभाग चिकट झाला तरच घ्या.

बॉम्ब बेची दारं बाहेरून सपाट करून बोटीच्या कातड्याखाली गाडा. शस्त्र दाखवायचंच असेल तर पंखाखाली टॉर्पेडो. नाकातल्या दोन पुढच्या तोफाही काढा, त्या पाण्याच्या अगदी जवळ येतात. शेपटीतला गनर ठेवा, आर-१ वरही होता.

स्प्रूकटर
पंखाच्या टोकाचे फ्लोट (तरंगते आधार) किती खाली ठेवू? जुन्या किटमधल्या दोन ड्रॉप टाक्या आहेत, ४५ मिमी लांब.

खाडीकिनारा
टाक्या चालतील, पण खालची बाजू घासून व्ही करा आणि एक छोटी स्टेप द्या. नाहीतर त्या टाक्याच दिसतात.

अर्धा स्पॅन (पंखविस्तार) १४९ मिमी. विमान २ अंश कलल्यावर फ्लोट पाण्याला टेकायला हवा, म्हणजे सरळ असताना त्याचा तळ पाण्याच्या रेषेपासून ५ मिमी वर. दोन्ही एकाच वेळी पाण्यात बुडालेले दाखवले तर बघणारा जाणकार लगेच बोट ठेवतो. स्ट्रट १ मिमी रॉडच्या दोन आणि एक तिरका. आधी विमान पुठ्ठ्याच्या क्रेडलमध्ये पाण्याच्या रेषेवर बसवा, पंख चिकटवून वाळू द्या, मग स्ट्रटची लांबी मोजा. उलट क्रमाने केलंत तर एक बाजू आखूड पडणारच.

पत्रा_आणि_पुट्टी
किटची चाकं फेकू नका. हलच्या बाजूंना सुटे बीचिंग गिअर (किनाऱ्यावर ओढण्याची चाकं) करा, मॉडेल जमिनीवर उभं दाखवता येतं. मग मात्र नाकात शिशाच्या मासेमारीच्या गोळ्या हव्यात, १५ ते २० ग्रॅम. हल बंद करायच्या आधी चिकटटेपने तोलून बघा, बंद झाल्यावर जागा उरत नाही.

रंगाचं एवढंच: नैसर्गिक धातू नको, मिठाच्या पाण्यात तो शोभत नाही. फिकट राखाडी घ्या. पुट्टी, शीट आणि मूळ प्लास्टिक यांचे तीन रंग असतात, म्हणून राखाडी प्रायमर मारून तिरक्या उजेडात चाइनची रेघ नाकापासून शेपटीपर्यंत बघा. लाट दिसली तर तिथेच थांबा, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने लाकडी ठोकळ्यावर घासा, बोटाने नाही. पावसाळ्यात क्लिअर लॅकर मारू नका, पांढुरकी साय येते.

स्प्रूकटर
कील १४ मिमीचीच कापतो. पंखाची खाच बुजवली, पिनांची भोकं उद्या. नाकाच्या खालच्या काचा शीटने बंद करू की पुट्टीने?

डोंबिवली७२
शीटने. आणि काचेजवळ सायनो नको, धुकं बसतं. पांढरा गोंद वापरा.