अनुभव धागा: कार्ड टेकवलं, पण नोंद कुठे झाली?

परवा संध्याकाळी गाडीतून उतरून स्थानकाच्या गेटवर प्रवासाचं कार्ड टेकवलं. 'बीप' ऐकू आला, दार उघडंच होतं, गर्दीच्या रेट्यात बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच कार्ड लावलं तर लाल दिवा. खिडकीवर कळलं की कालचा प्रवास 'अपूर्ण' आहे. म्हणजे मी बाहेर पडल्याची नोंदच नाही, आणि सगळ्यात लांबच्या स्थानकाचं भाडं कापलं गेलंय. मी ऐकलेला बीप बहुधा शेजारच्या गेटचा असावा. मागे आठ-दहा माणसं खोळंबली होती. कुणीतरी म्हणालं, "अहो, बाजूला तरी व्हा." फुकट प्रवास करताना पकडल्यासारखी मी उभी. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

कागदी तिकिटावर कुठून, कुठे, कितीचं, सगळं छापलेलं असायचं. कार्ड मुकं. त्यात काय लिहिलंय ते यंत्राला वाचता येतं, ज्याच्या खिशात ते आहे त्याला नाही. आणि गडबड झाली की खरेपणा आपणच सिद्ध करायचा! तुमचंही असं काही झालं असेल तर लिहा. अगदी बारीकसारीक असलं तरी.

*

मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून आधी थोडं आतलं सांगतो. या कार्डात बॅटरी नसते. कडेकडेने बारीक तारेची वेटोळी असतात. यंत्राजवळ नेलं की त्यांत वीज तयार होते आणि तेवढ्यावर चिप चालते. वारंवारिता १३.५६ मेगाहर्ट्झ, पल्ला जेमतेम काही सेंटीमीटर. शिल्लक वाचायची, भाडं वजा करायचं, नवा आकडा परत लिहायचा, हे सगळं होईपर्यंत कार्ड तिथेच हवं. तोक्योमध्ये २००१ साली सुरू झालेल्या सुइका कार्डासाठी हे काम ०.२ सेकंदात उरकावं अशी अटच होती. यंत्र संथ असेल आणि मागून ढकलाढकली, तर आपण ओवाळल्यासारखं कार्ड फिरवून पुढे जातो आणि लिहिणं अर्धवट राहतं. हा प्रवाशाचा दोष नाही. गर्दी कितीही असली तरी चालेल असं यंत्र बसवणं हे बसवणाऱ्याचं काम आहे.

जाता जाता, फोनच्या चुंबकाने ही चिप बिघडत नाही. खिडकीवर तसं कारण सांगितलं तर मानू नका.

*

वरची तारेची गोष्ट मला सहा महिने आधी कळायला हवी होती. मुलगी कार्ड सारखं विसरायची, म्हणून गळ्यात अडकवता यावं यासाठी मी त्याला कोपऱ्यात भोक पाडलं. कार्ड जागच्या जागी मेलं. आतले पैसे परत मिळायला कार्डावरचा क्रमांक लागतो, आणि तो घासून पुसट झालेला. रात्री टेबलावर कार्ड तिरकं धरून, बाजूने टॉर्च मारून एकेक आकडा वाचला. शेवटून दुसरा ३ की ८ हे काही कळेना. दोन अर्ज भरले, एक ३ घालून, एक ८ घालून. दोन्ही परत आले: 'माहिती जुळत नाही'. इतका महत्त्वाचा क्रमांक असा पुसून जाणाऱ्या शाईत का छापतात?

*

माझं गाऱ्हाणं ऑनलाइन रिचार्जचं. रात्री पैसे भरले, बँकेचा मेसेज आला, निर्धास्त झोपलो. सकाळी मुलाखतीला निघालो तर गेट म्हणतं शिल्लक अपुरी. पैसे सर्व्हरवर पोचले होते, कार्डात नाही. ते कार्डात उतरायला आधी एका वेगळ्या यंत्राला टेकवावं लागतं. त्या यंत्रापुढची रांग जिन्यापर्यंत आलेली. मेसेज दाखवला, गयावया केली, उपयोग झाला नाही. दोन गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या. पैसे भरतानाच ही एक ओळ ठळक लिहिली असती तर मी अर्धा तास आधी निघालो असतो.

*

पाकिटात दोन कार्डं असतील तर एकच बाहेर काढून लावा. मी पाकीटच टेकवायचे. जाताना एका कार्डावर नोंद, येताना दुसऱ्यावर. दोन्हीकडून जास्तीचं भाडं गेलं. लंडनमध्ये ऑयस्टर कार्ड २००३ पासून आहे, तिथे या प्रकाराला 'कार्ड क्लॅश' असं नावच पडलंय.

*

मला दिसत नाही. एकटी प्रवास करते. गेटच्या खांबावरून हात फिरवून टेकवायची जागा शोधते, ती दर स्थानकात वेगळ्या उंचीवर असते. भाडं कापलं तरी एक बीप, शिल्लक संपत आली तरी तसाच बीप. फरक फक्त पडद्यावर. एकदा मागच्या माणसाला विचारलं तर त्याने माझी शिल्लक मोठ्याने वाचून दाखवली. त्याचा हेतू चांगला होता, पण रांगेतल्या सगळ्यांनी ऐकली. यशाचा एक आवाज आणि अडचणीचा दुसरा, एवढं केलं तरी मला पुरेल. तसं लेखी दिलंय, उत्तर आलेलं नाही. तोवर दर सोमवारी खिडकीवर जाऊन विचारते. तिथले काका आता माझ्या काठीचा आवाज ओळखतात. मी विचारायच्या आत काचेजवळ येऊन हळूच आकडा सांगतात.