सोसायटी ग्रुप: लिफ्टमधलं कुत्रं

नाना, ए-२०१ (सकाळी ७:०४)
सगळ्यांना नमस्कार. आज पुन्हा तेच. पावणेसातला दूध आणायला निघालो, लिफ्टचं दार उघडलं तर आत पाचव्या मजल्यावरचं कुत्रं. नात सोबत होती, घाबरून माझ्या पायाला मिठी मारून उभी राहिली. तोंडाला जाळी नाही. मागच्या महिन्यात सांगितलं तेव्हा सचिव "बघतो" म्हणले. बघितलं का?

नाना, ए-२०१ (७:०६)
आणि मंगळवारी रात्री अडीच वाजता भुंकून भुंकून अख्खी ए विंग उठवली, ते वेगळंच. मला बीपीची गोळी चालू आहे. झोप मोडली की पुढचा दिवस जातो.

खजिनदार काकू, ए-३०३ (७:०९)
शुभ सकाळ. टँकरचे पैसे सात जणांचे अजून बाकी आहेत. कृपया आज जमा करावेत.

भाऊ, बी-२०२ (७:११)
कुत्र्यानं मेंटेनन्स भरला असंल नाना, म्हणून लिफ्ट वापरायलंय 😄

पिंकीची आई, ए-३०१ (७:१५)
हसण्यावारी नका नेऊ भाऊ. पार्किंगमध्ये दूधवाल्याला चावलं तेव्हापण सगळे गप्पच बसले. लेकरांना खाली खेळायला पाठवायची भीती वाटते.

जिजी, ए-५०१ (७:१८)
अगं ते पार्किंगमधलं काळं कुत्रं होतं. ताईचा सोन्या नव्हता. कशाला काहीही जोडायलीस?

पिंकीची आई, ए-३०१ (७:१९)
जिजी, मी सोन्याचं नाव घेतलंच नाही. चावलं ते कुत्रंच होतं ना.

भाऊ, बी-२०२ (७:२१)
त्या काळ्याला रोज रात्री शिळ्या पोळ्या कोण टाकायलंय तेबी एकदा निघू द्या मग. माझ्या गाडीचं सीट फाडलंय त्यानं.

जिजी, ए-५०१ (७:२२)
मी टाकते. लपून नाही टाकत. मुक्या जिवाच्या तोंडात चतकोर गेला तर कुणाचं काय जायलंय?

भाऊ, बी-२०२ (७:२२)
सीट जायलंय जिजी.

नाना, ए-२०१ (७:२५)
विषय बदलू नका. लिफ्टमध्ये कुत्रं नको, आणायचंच असेल तर तोंडाला जाळी पाहिजे. एवढंच म्हणणं आहे.

सचिव, बी-१०४ (७:४०)
सर्व सभासदांनी शांतता राखावी. नानांची तक्रार नोंद केली आहे. येत्या सर्वसाधारण सभेत विषय घेऊ. तोपर्यंत ए-५०२ यांना नम्र विनंती, की त्यांनी श्वानास जिन्याने न्यावे.

ताई, ए-५०२ (७:५२)
सचिव साहेब, मी व्हीलचेअरवर आहे. सोन्या जिन्यानं गेला तर त्याच्यासोबत कोण जाणार? आणि मी लिफ्टमध्ये एकटी असताना माझं काही खाली पडलं तर ते कोण उचलणार? विनंती पाठवायच्या आधी एवढा तरी विचार व्हायला पाहिजे होता.

सचिव, बी-१०४ (७:५३)
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

सचिव, बी-१०४ (७:५५)
ताई, गैरसमज नसावा. सर्वांसाठी सरसकट नियम म्हणून लिहिलं होतं.

नाना, ए-२०१ (८:०१)
ताई, तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही. तुम्ही एकट्या राहता, सोसायटीचे हिशेब बघता, आम्हाला कौतुकच आहे. पण मदतीला बाई ठेवता येते की. कुत्रंच कामून पाहिजे?

खजिनदार काकू, ए-३०३ (८:०३)
टँकरचे पैसे सात जणांचे बाकी आहेत. आता सहा. बी-४०३ यांचे आले, धन्यवाद.

ताई, ए-५०२ (८:२०)
नाना, बाई ठेवली होती. दोन वर्षं. सकाळी आठला यायची, संध्याकाळी सहाला जायची. सहानंतर चमचा खाली पडला की सकाळी आठपर्यंत तो तिथंच. टीव्हीचा रिमोट पडला की रात्रभर तेच चॅनल. मोबाईल पडला तर फोन करून कुणाला बोलवावं, तर मोबाईलच खाली. वाकता येत नाही म्हणजे काय, ते दिवसातून वीस वेळा कळतं. मोठी अडचण एखादी असती तर माणूस बोलवला असता, पण ह्या सगळ्या बारक्या अडचणी आहेत. बारक्या कामासाठी शेजारणीची बेल किती वेळा वाजवायची? वाजवताना दर वेळी आपण थोडं खाली जातो. माझा भाऊ म्हणाला, पुण्याला ये, आमच्याकडं राहा. मला माझ्या घरात राहायचं होतं, लातुरात. माझं काम इथं आहे, माझे लोक इथं आहेत.

ताई, ए-५०२ (८:३१)
सोन्या घरात काय करतो ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. फ्रिजच्या दाराला आईच्या जुन्या साडीचा काठ गाठ मारून बांधलाय. तो काठ दातात धरून सोन्या मागं सरतो, दार उघडतं. किल्ल्यांच्या जुडग्याला सुती गोंडा लावलाय, कारण कुत्र्याला लोखंड तोंडात धरायला आवडत नाही. पायातला मोजा टोकाला धरून ओढतो, बोटाला दात लागू देत नाही. बॅंकेचा कागद पडला तर उचलून मांडीवर ठेवतो, कडेला जरा ओला होतो एवढंच. हे शिकवायला पुण्याच्या प्रशिक्षकाला आणि मला मिळून दीड वर्ष लागलं. एका गोंड्यावर तीन आठवडे गेलेत.

जिजी, ए-५०१ (८:३३)
मी डोळ्यानं बघितलंय. फ्रिज उघडतो पण आतल्या दुधाला तोंड लावत नाही. आमचे नातू लावतात.

नाना, ए-२०१ (८:४०)
सगळं ठीक आहे. घरात करा. लिफ्टमध्ये तोंडाला जाळी पाहिजे एवढंच म्हणणं आहे.

ताई, ए-५०२ (८:४२)
नाना, जाळी लावली तर तो किल्ली उचलणार कशानं? तोंड हाच त्याचा हात आहे, आणि माझापण.

प्राध्यापक सर, बी-४०३ (९:१५)
थोडी माहिती देतो. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्गला १९१६ साली वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. १९२९ ला अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था सुरू झाली. पुढे ऐकू न येणाऱ्यांसाठी कुत्री तयार झाली, दाराची बेल वाजली किंवा लेकरू रडलं की मालकाला पायाने डिवचून तिकडे नेणारी. नंतर ताईंच्या सोन्यासारखी, वस्तू उचलून देणारी. नानांच्या भीतीबद्दल एक सांगतो. सोन्याची लॅब्राडोर रिट्रीव्हर ही जात शिकाऱ्याने मारलेला पक्षी पाण्यातून उचलून, दाताची खूण न उमटवता आणून देण्यासाठी जोपासली गेली. तोंड हलकं असणं हाच त्या जातीचा गुण.

भाऊ, बी-२०२ (९:१७)
सर, सिग्नल हिरवा झाला की कुत्रं अंध माणसाला रस्ता ओलांडून देतंय म्हणे. इथं गंजगोलाईच्या चौकात माणसांनाच सिग्नल कळंना 😄

प्राध्यापक सर, बी-४०३ (९:२४)
नाही भाऊ, हा गैरसमज आहे. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. कधी ओलांडायचं ते अंध व्यक्तीच वाहनांचा आवाज ऐकून ठरवते आणि हुकूम देते. मात्र गाडी अंगावर येत असेल तर कुत्रं जागचं हलत नाही, हुकूम मोडतं. शिकवण्यातला सगळ्यात अवघड भाग तोच, कधी ऐकायचं नाही ते शिकवणं.

भाऊ, बी-२०२ (९:२६)
हे भारी आहे सर. खरंच माहीत नव्हतं. आमच्या नांदेडकडं माळेगावच्या जत्रेत कुत्री विकायला येतात, पण ती राखणीची आणि शिकारीची. असलं नव्हतं ऐकलं.

पिंकीची आई, ए-३०१ (९:३०)
सर्व मान्य. पण लस दिली आहे का? लेकरांचा प्रश्न आहे म्हणून विचारते, राग नसावा.

ताई, ए-५०२ (९:३४)
[फोटो] रेबीजच्या लसीचं कार्ड. दर वर्षी देते. विचारलंत ते बरं केलंत, राग कशाला. पिंकीला एक सांगा. सोन्याच्या अंगावर केशरी जाकीट असलं की त्याला हाक मारायची नाही, बिस्कीट द्यायचं नाही. तेव्हा तो कामावर असतो. नाना, तुमची शेती होती. औताला जुंपलेल्या बैलाला तासाच्या मधी कुणी हाका मारतं का? घरी आल्यावर जाकीट काढते, मग पिंकीनं येऊन पाहिजे तेवढं खेळावं.

नाना, ए-२०१ (९:४५)
बैल रात्री अडीचला भुंकत नाही. त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

जिजी, ए-५०१ (९:४८)
मी देते. मंगळवारी रात्री ताई बाथरूममधून खुर्चीवर बसताना खाली पडली. मोबाईल पलंगावर. सोन्यानं तो आणून दिला, पण ओल्या हातानं उघडंना. मग ती म्हणली "बोल". तो दाराशी जाऊन बोलला. माझ्याकडं दुसरी किल्ली आहे, मी आणि आमच्या पोरानं उचललं. पाच मिनिटं भुंकला असंल. नाहीतर सकाळपर्यंत फरशीवर पडून राहिली असती लेक. आता बोला.

ताई, ए-५०२ (९:५०)
जिजी, हे ग्रुपवर टाकायचं नव्हतं.

जिजी, ए-५०१ (९:५१)
चुकलं माझं. पण ऐकवत नव्हतं गं.

खजिनदार काकू, ए-३०३ (९:५८)
अगंबाई. लागलं तर नाही ना ताई?

ताई, ए-५०२ (१०:१०)
कोपराला खरचटलं. बरी आहे. आता निघालंच आहे तर स्पष्ट लिहिते. त्र्याण्णवच्या ३० सप्टेंबरला किल्लारीकडं भूकंपात आमचं माळवद पहाटे पडलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून लोक मला उचलायलेत. गाडीत उचलून ठेव, ओट्यावर उचलून ठेव, लग्नात उचलून स्टेजवर. सगळे मायेनं करतात, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण मला विचारून कुणी उचललं नाही. सोन्या मी सांगितल्याशिवाय काही करत नाही. हुकूम माझा असतो. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात माझ्या हुकुमानं काम होतंय. म्हणून मला ह्या ग्रुपवर दया नको आहे. लिफ्ट पाहिजे. मेंटेनन्स मीपण भरते.

भाऊ, बी-२०२ (१०:१४)
🙏

वकील साहेब, बी-३०१ (१०:४०)
कोर्टात होतो, आता वाचलं. सभेत विषय घेण्याआधी दोन गोष्टी. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सोसायटीला बहुमतानंसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. दुसरं, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि भेदभाव करायचा नाही, वाजवी सोयी द्यायच्या असं स्पष्ट आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी किमान ५०,०००. सोन्यासारख्या सेवाश्वानांसाठी आपल्याकडं वेगळा कायदा नाही हेही खरं. पण ताईंना लिफ्ट वापरू द्यायला तो लागतही नाही. मालकाचीही जबाबदारी असते. पट्टा, लस, घाण उचलणं. ताई तिन्ही पाळतात, मी बघतो रोज.

नाना, ए-२०१ (१०:४६)
म्हणजे आता आम्हाला दंडाची भीती घालायलात.

वकील साहेब, बी-३०१ (१०:४७)
नाना, भीती नाही. ठराव होऊन उद्या रद्द झाला तर सोसायटीचीच शोभा होईल, म्हणून आधी सांगितलं.

सचिव, बी-१०४ (११:०५)
सभेच्या विषयपत्रिकेतून सदर विषय वगळण्यात येत आहे. सकाळचा माझा मेसेज रद्द समजावा. ताई, दिलगीर आहे.

खजिनदार काकू, ए-३०३ (११:०७)
टँकरचे पैसे सहा जणांचे बाकी. नाना, आपलेपण त्यात आहेत.

पिंकीची आई, ए-३०१ (११:२०)
पार्किंगमधल्या कुत्र्यांचा विषय तरी ठेवा पत्रिकेत. तो खरा प्रश्न आहे.

जिजी, ए-५०१ (११:२१)
ठेवा की. मी येणार आहे सभेला.

नाना, ए-२०१ (संध्याकाळी ६:३२)
टँकरचे पैसे पाठवले. काकू, पोच द्या.

नाना, ए-२०१ (६:३५)
ताई, तुम्ही सकाळी किती वाजता खाली उतरता?

ताई, ए-५०२ (६:४१)
पावणेसातला नाना. उन्हाळ्यात उशीर केला तर डांबर तापतं, त्याचे पंजे भाजतात. तुम्हाला अडचण असेल तर साडेसहाला उतरते.

नाना, ए-२०१ (६:४४)
तुम्ही वेळ बदलू नका. आम्ही सात वाजता जाऊ. दुधाला कुठं घाई आहे.

नाना, ए-२०१ (६:५८)
नात विचारायलीय, त्याचं जाकीट किती वाजता काढता.

ताई, ए-५०२ (७:००)
पाठवा आत्ता. काढलेलंच आहे.

भाऊ, बी-२०२ (७:०२)
टँकर गेटवर आलाय. बी विंगची मोटर कोण चालू करायलंय?