‘चित्रपुस्तक’ की ‘सचित्र पुस्तक’?

तापीकाठ (भुसावळ):
आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकासाठी मुलांच्या आणि कुमारवयीनांच्या नव्या पुस्तकांची परीक्षणे मी लिहिते. या वेळी एका पुस्तकाला मी ‘चित्रपुस्तक’ म्हटले आणि संपादकांनी तो शब्द खोडून वर ‘सचित्र पुस्तक’ असे लिहिले. ‘चित्रपुस्तक म्हणजे अ अननसाचा, आ आगगाडीचा, त्यात गोष्ट कुठे असते?’ असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटलेले नाही. या पुस्तकाच्या एका पानावर एवढेच वाक्य आहे, की आजी मुळीच रागावली नाही. शेजारच्या चित्रात आजी पाठमोरी बसून कळण्याची भाकरी थापते आहे, आणि परातीतल्या भाकरीत तिची पाचही बोटे खोल रुतलेली आहेत. मजकूर एक सांगतो, चित्र त्याला खोटे पाडते, आणि वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाच्या आधी ते लहान मुलाला दिसते. चित्र काढून घेतले, तर वाक्य उरेल, गोष्ट उरणार नाही. ‘सचित्र’ हा शब्द मात्र ‘सपत्नीक’सारखा आहे, समारंभाला पाहुणे सपत्नीक आले म्हटले, की निमंत्रण कोणाला होते ते वेगळे सांगावे लागत नाही. अशा पुस्तकाला तुम्ही काय म्हणता?

जुना मुद्रितशोधक (जळगाव):
ताई, संपादकांची बाजू अगदीच लंगडी नाही. चित्रपुस्तक हा षष्ठी तत्पुरुष आहे, म्हणजे चित्रांचे पुस्तक; रंग भरण्याची वहीसुद्धा त्यात बसेल. मी छापखान्यात आयुष्य काढले. सोळा पानी दोन फर्म्यांत बत्तीस पानांचे असे पुस्तक बरोबर बसते, आणि बिलावर आम्ही त्याला नुसते ‘रंगीत’ लिहीत असू. परीक्षणात तेवढ्याने भागणार नाही हे मान्य आहे, परंतु ‘चित्रकथा’ हा चांगला, रुळलेला शब्द हाताशी असताना नवा कशाला घडवायचा?

तापीकाठ:
नाना, षष्ठीचा आग्रह का? ‘पुरणपोळी’ ही काही पुरणाची पोळी नव्हे, ती पुरण भरून केलेली पोळी आहे. तसे चित्रांतून सांगितलेले ते चित्रपुस्तक, असा मध्यमपदलोपी समास मी मानते. खापरावरच्या पुरणपोळीतून पुरण काढून पाहा, म्हणजे माझे म्हणणे कळेल.

सह्याद्रीपलीकडून (धुळे):
‘चित्रकथा’ हा शब्द आता मोकळा राहिलेला नाही. 1967 साली ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली, आणि तेव्हापासून हा शब्द ऐकला, की चौकटी आणि पात्रांच्या तोंडून निघणारे फुगेच डोळ्यांसमोर येतात. मी मूळचा सिंधुदुर्गाचा. आमच्याकडे पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. ते एकेक चित्र समोर धरतात आणि गात गात कथा सांगतात, आणि त्या चित्रांच्या गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात. चित्रांच्या गठ्ठ्याला थेट पोथीचा मान देणारी भाषा आपली आहे. तिथे ‘चित्रपुस्तक’ या शब्दात गोष्ट मावत नाही, असे कोणी म्हणावे याचे मला नवल वाटते.

जुना मुद्रितशोधक:
पोथीचा दाखला मोलाचा आहे. मात्र चित्रकथ्याच्या पोथीला सांगणारा जिवंत माणूस लागतो, छापील पुस्तक त्याच्यावाचूनही विकले जाते. तुमचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो.

केळीबाग (रावेर):
त्याच त्रैमासिकाच्या मागच्या अंकात ‘कुमार-कादंबरी’ असाही एक मथळा मी वाचला. आमच्या आठवीतल्या मुलीने ते पुस्तक हातात घेतले आणि ‘मी कुमार आहे का?’ असे विचारून परत ठेवले. मुलींनी कुमारी-कादंबरीची वाट पाहायची की काय? ‘कु.’ तर अविवाहित बाईंच्या नावामागे पन्नाशीतही लागते.

जुना मुद्रितशोधक:
संस्कृतातील एका जुन्या वाटणीप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन. त्या हिशेबाने कुमार-कादंबरी बालवाडीत वाटावी लागेल, आणि आज आपण ज्यांना पौगंडावस्थेतील म्हणतो ती मुले पौगंडातून केव्हाच बाहेर पडलेली असतील. शुद्ध शब्द हवा असेल, तर ‘किशोर’ घ्यावा.

दवाखान्यातली ताई (चोपडा):
2014 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 10 ते 19 वयाची सगळी मुलेमुली किशोरच आहेत. तथापि दहा वर्षांच्या आणि एकोणीस वर्षांच्या वाचकाला एकच कादंबरी कोणता परीक्षक सुचवील?

सह्याद्रीपलीकडून:
बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते. ते वाचून मोठ्या झालेल्या कोणाच्याही मनात त्या शब्दाचे वय संस्कृताने ठरलेले नाही, शाळेच्या इयत्तेने ठरलेले आहे. साने गुरुजींनी अमळनेरला मासिक काढले, तेव्हा नाव ठेवले ‘विद्यार्थी’. वयाची भानगडच त्यांनी मिटवून टाकली.

केळीबाग:
शाळा सुटलेल्या मुलीने मग काय वाचावे? केळीच्या घडांच्या गाडीवर जाणाऱ्या मुली मी रोज पाहते. त्या किशोरी आहेत, विद्यार्थिनी नाहीत. अहिराणी बरी म्हणायची, आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी, मग ती दहाची असो की चाळिशीची.

तापीकाठ:
माझा प्रश्न चित्रपुस्तकाचा होता आणि मजकूर उद्या छपाईला जायचा आहे. आत्ताच संपादकांचा निरोप आला. दोघांचेही राहावे म्हणून त्यांनी ‘चित्रमय पुस्तक’ असे केले आहे. हा शब्द कोणी मागितला होता? आमच्या बालवाडीची भिंतही चित्रमय आहे.

जुना मुद्रितशोधक:
गाव जलमय झाले, की त्यात गाव शोधावे लागते. पण ताई, चित्रकाराचे नाव तरी लेखकाच्या ओळीत घेतले आहे का? आमच्या काळी ते शेवटच्या पानावर मुद्रकाच्या खाली जात असे.

तापीकाठ:
मी घेतले होते. खाली नेले आहे.