व्हॉर्टेक ३५० ला १.६ चे रॉकर घालू का?

प्रश्न: ह्यूस्टनला असतो. १९९८ ची शेवरोले सी-१५०० पिकअप, ५.७ लिटरचं (३५० घनइंची) व्हॉर्टेक इंजिन. रोज ऑफिसला तीच, अधूनमधून मागे ट्रेलर. व्हॉल्व्ह कव्हर उघडलंच आहे, तर १.५ चे (कॅमची उचल दीडपट करून व्हॉल्व्ह उघडणारे) पत्र्याचे रॉकर काढून १.६ चे रोलर टाकावे म्हणतोय. कॅम, म्हणजे रॉकर हलवणारा दांडा, कंपनीचाच. फरक पडेल की पैसे पाण्यात?

उत्तर: पडेल, पण थोडा आणि वरच्या आरपीएमला. ट्रेलर ओढताना लागतो तो खालचा टॉर्क फारसा हलायचा नाही. हिशेब बघा: इनटेक व्हॉल्व्हची लिफ्ट (तो किती उघडतो ते) ०.४१४ इंचांवरून ०.४४२, एक्झॉस्टची ०.४२८ वरून ०.४५७. या हेडला हे काठावरचं काम. रिटेनर (व्हॉल्व्हची स्प्रिंग धरणारी वरची टोपी) खाली येऊन व्हॉल्व्हच्या ऑइल सीलला टेकतो का, ते मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. आणि घ्याल तर सेल्फ-अलाइनिंगच, टोकाला दोन कडा असलेले. इथे गाइड प्लेट (रॉकर सरळ ठेवायला लागणारी पट्टी) नसते. साधे लावलेत तर व्हॉल्व्हवरून घसरलेच समजा.

प्रश्नकर्ता: मग १.५ चेच रोलर-टिप (फक्त टोकाला रोलर असलेले)?

दुसरं उत्तर: हौस असेल तर घ्या हो! मी आधी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलेन. जुन्या बसलेल्या स्प्रिंगांवर नवे रॉकर कशाला? फुल रोलर (टोकाला रोलर, मधेही बेअरिंग असलेले) उंच असतात, कव्हरला आतून घासतात, तेही बघा.