मदत हवी आहे : कीर्तनांच्या चित्रीकरणासाठी व्यावसायिक कॅमकॉर्डर (पुणे)

नमस्कार मंडळी,

पुण्यात होणारी नारदीय कीर्तनं आम्ही काही जण मिळून चित्रित करून ठेवतो. नारद मंदिर, पेठांमधली देवळं, उत्सवांचे मांडव, जिथे परवानगी मिळेल तिथे जातो. जुने कीर्तनकार आता थकले आहेत. त्यांची आख्यानं कुठे लिहिलेली नाहीत, ती त्यांच्या गळ्यात आणि हातवाऱ्यांत आहेत. म्हणून पूर्वरंगापासून आरतीपर्यंत सगळं सलग, न तोडता नोंदवायचं हे आमचं काम. आजवर भाड्याचा किंवा मागून आणलेला कॅमेरा वापरला. आता एका देणगीदारांनी चार लाखांपर्यंत मदत देऊ केली आहे. दुसऱ्याचे पैसे आहेत आणि पुढची बरीच वर्षं हाच कॅमेरा वापरायचा आहे, त्यामुळे घाई करायची नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

"मिररलेस (लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा) घ्या" हा सल्ला लगेच येईल, म्हणून त्याबद्दल आधीच लिहिते. तो विचार करून झाला आहे. स्टिल कॅमेऱ्यांवरची २९ मिनिटं ५९ सेकंदांची जुनी मर्यादा नव्या मॉडेलांवर फारशी उरलेली नाही हे माहीत आहे. पण चैत्रातल्या उकाड्यात, बंद सभामंडपात, दोन तास ४के चालू ठेवल्यावर कॅमेरा तापून बंद पडणार नाही याची खात्री मला हवी. आमच्या संग्रहात मिनीडीव्हीच्या जुन्या कॅसेटी आहेत. एका कॅसेटवर ६० मिनिटं मावायची. त्यामुळे त्यातलं जवळजवळ प्रत्येक कीर्तन ऐन आख्यानात तुटलेलं आहे, आणि कॅसेट बदलेपर्यंत जे बोललं गेलं ते कायमचं गेलं. दोन कार्डांचे स्लॉट, एक भरलं की आपोआप दुसऱ्यावर जाणारं रेकॉर्डिंग, आणि हवं तेव्हा दोन्हींवर एकाच वेळी नोंद, या सोयी माझ्यासाठी सेन्सरच्या आकारापेक्षा मोठ्या आहेत.

दुसरं कारण झूम. आम्हाला उभं राहायला जागा मिळते ती श्रोत्यांच्या मागे. कीर्तनकारांपासून साधारण चाळीस फूट धरा. तिथून छातीपर्यंतची फ्रेम, म्हणजे रुंदीला तीनेक फूट, घ्यायची तर फुल फ्रेमच्या (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) हिशेबाने ४८० मिमीच्या आसपास लेन्स लागते. ७०-२०० मिमीची लेन्स लावली तर त्याच जागेवरून जवळात जवळची फ्रेम सात फुटांची होते. पगडी आणि उपरणं दिसतं, डोळे दिसत नाहीत. कीर्तनात तर डोळेच बोलतात. शिवाय पुढच्याच क्षणी पेटीवाल्याकडे बघून सूर मागितला की फ्रेम रुंद करावी लागते. झूम रॉकरवर बोट ठेवून हळूहळू मागे येणं फोटोच्या लेन्सवर जमत नाही.

आतापर्यंत वाचून तीन नावं यादीत ठेवली आहेत. कॅनन एक्सएफ६०५ (२०२१), पॅनासॉनिक एजी-सीएक्स३५० आणि सोनीचा पीएक्सडब्ल्यू-झेड२०० (२०२४). तिघांतही एक इंची सेन्सर आहे, तिघांवर व्यावसायिक माइकसाठीच्या दोन एक्सएलआर जोडण्या आहेत, तिघंही रंगांचे जास्त बारकावे ठेवणाऱ्या १० बिट ४:२:२ मध्ये ४के नोंदवतात. झूम कॅननचा १५ पट, बाकी दोघांचा २० पट. वरच्या हिशेबाने कॅनन ३८२ मिमीवर थांबतो, इतर दोन ४८० च्या घरात पोचतात. एवढ्यावरून कॅनन बाद करावा का?

माझा खरा प्रश्न पुढे आहे. या तिघांची लेन्स रुंद टोकाला एफ/२.८ असते आणि पूर्ण झूमवर एफ/४.५ होते. म्हणजे जवळजवळ दीड स्टॉप उजेड कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). देवळात दोन ट्यूबलाइट आणि समई यापलीकडे काही नसतं, आणि आम्ही आमचे दिवे लावत नाही. कीर्तनकारांच्या डोळ्यांवर झोत पडला की श्रोत्यांशी त्यांची नजर तुटते, ते आम्हाला नको. अशा वेळी गेन, म्हणजे कॅमेऱ्याने आतून चित्र उजळवणं, वाढवल्यावर चित्र किती दाणेदार होतं? प्रत्यक्ष अनुभव असलेल्या कुणी लिहिलं तर फार उपयोग होईल. तीन सेन्सरचा सोनी झेड२८० एफ/१.९ लेन्सचा आहे, पण सेन्सर अर्ध्या इंचाचे. अंधारात तो आणि वरचे एक इंची सेन्सरवाले यांत कोण पुढे राहील?

अजून एक. झेड२०० मध्ये इलेक्ट्रॉनिक एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) आहे, तो सलग कमीजास्त होतो. बाकी दोघांत १/४, १/१६ आणि १/६४ असे ठरलेले टप्पे. रामनवमीला जन्माचं कीर्तन दुपारी बाराला संपतं. मांडवाच्या बाजू उघड्या असतात आणि तासाभरात ऊन सरकत सरकत थेट गादीपर्यंत येतं. टप्प्याचा एनडी चालू रेकॉर्डिंगमध्ये बदलला की चित्रात झटका दिसतो. आम्हाला हे वर्षातून मोजक्या वेळाच लागणार. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजावेत का?

लाइव्ह स्ट्रीमिंग, १२० फ्रेम वगैरेंची गरज नाही. ध्वनीबद्दल मुद्दाम लिहिलं नाही, पण तिथेही मला मदत हवीच आहे.

धन्यवाद.

---

प्रतिसाद

ताई, काम फार मोलाचं आहे. मी लग्न आणि नाटक दोन्हीचं शूटिंग करतो, बालगंधर्व आणि भरत नाट्य मंदिरात बराच वावर आहे, त्यावरून सांगतो.

कॅनन झूमसाठी बाद करू नका. ३८२ मिमीवर तुमची तीन फुटांची फ्रेम पावणेचार फुटांची होईल, इतकंच. चार पावलं पुढे सरकायला मिळालं तर तोही फरक उरत नाही. आणि त्याचा चेहरा पकडणारा फोकस मला फार आवडला. कीर्तनकार एका जागी उभे नसतात, मागे-पुढे होतात, हात चेहऱ्यासमोर आणतात. पूर्ण झूमवर माणूस हातभर पुढे आला तरी फोकस जातो. ते हाताने धरायला रोजचा सराव लागतो. नव्या सोनीतही चेहरा आणि डोळे ओळखणारा फोकस आहे. पॅनासॉनिकवर मी हातानेच फोकस करतो, पण त्याची लेन्स मला मनापासून आवडते. तिघांनाही फोकस, झूम आणि आयरिसची (लेन्समधून येणारा उजेड कमीजास्त करणाऱ्या छिद्राची) वेगवेगळी रिंग आहे, ती असल्याशिवाय कॅमेरा घेऊ नका. एकाच रिंगवर सगळं फिरवायला लावणारे स्वस्त कॅमेरे अंधारात फार त्रास देतात.

गेनबद्दल आकड्यात सांगण्यापेक्षा एक करा. शटर १/५० वर ठेवा, २५ फ्रेम घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटचं लुकलुकणंही येत नाही आणि उजेडही चांगला मिळतो. ५० फ्रेमच्या मोहात पडून शटर १/१०० केलंत की एक अख्खा स्टॉप हातचा गेला. स्वस्त एलईडी माळा लावल्या असतील तर मात्र पट्टे दिसू शकतात. त्यासाठी शटर बारीक बारीक बदलता येण्याची सोय, क्लिअर स्कॅन म्हणतात ती, मेन्यूत आहे ना हे बघून घ्या.

आणि पांढरा अंगरखा. हा खरा शत्रू आहे. मागे काळोख, मध्ये पांढराशुभ्र माणूस. ऑटोवर ठेवलंत की कॅमेरा काळोख बघून आयरिस उघडतो आणि अंगरख्याच्या चुण्या, उपरण्याची किनार सगळं जळून सपाट होतं. आयरिस हातात घ्या, झेब्रा (जास्त उजळ भागावर पडद्यावर पट्टे दाखवणारी सोय) १०० टक्क्यांवर लावा आणि खांद्यावरचे पट्टे जेमतेम नाहीसे होतील इथे थांबा. चेहऱ्यासाठी ७० टक्के हा आकडा पुस्तकांत सापडतो, तो गोऱ्या कातडीचा आहे. आपल्या माणसांचा चेहरा ५० ते ६० च्या मध्ये छान बसतो. इथे १० बिट कामाला येतं. ८ बिटला प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटला १०२४. चेहरा नंतर थोडा उचलला तरी कपाळावर रंगाचे पट्टे पडत नाहीत.

झेड२८० चांगलाच आहे, पण वजन आणि किंमत दोन्ही वरच्या वर्गातली. तुमच्या बजेटमध्ये नवा मिळणं अवघड, आणि जुना घेताना किती तास चाललेला आहे ते मेन्यूतल्या तासांच्या मीटरवर बघा.

---

प्रतिसाद

चित्राबद्दल वरती छान लिहिलं आहे. मी ध्वनीचं काम करतो, म्हणून तेवढंच.

कीर्तनाचं चित्र एकवेळ मध्यम आलं तरी चालेल, शब्द गेला तर काहीच उरत नाही. एक्सएलआरच्या दोन जोडण्यांपैकी एकीवर देवळाच्या मिक्सरमधून लाइन घ्या. घेण्याआधी त्या जोडणीचा खटका माइकवरून लाइनवर आणा आणि ४८ व्होल्टचा फँटम (माइकला केबलमधून जाणारी वीज) बंद आहे हे स्वतः डोळ्यांनी बघा. दुसऱ्यावर तुमचा स्वतःचा कंडेन्सर माइक ठेवा, त्याला मात्र फँटम हवा. मिक्सरवाला मध्येच आवाज खाली-वर करतो, केबल उपटली जाते, तेव्हा हा दुसरा माइक वाचवतो. तुमच्या यादीतल्या कॅमेऱ्यांवर चार चॅनेल नोंदवता येतात. मग कॅमेऱ्याचा आतला माइकही तिसऱ्या-चौथ्यावर चालू ठेवा. श्रोत्यांचा गजर त्यातच खरा येतो.

लेव्हल ऑटोवर कधीही नको. निरूपणात कीर्तनकार क्षणभर थांबतात ना, त्या शांततेत ऑटो आवाज वर ओढतो, पंख्याची घरघर पुढे येते, आणि पुढचा शब्द आला की दणकन खाली आपटतो. झांज वाजली की तर विचारू नका. हाताने बोलण्याला सरासरी उणे २० डीबीच्या जवळ ठेवा, लिमिटर (अचानक वाढलेला आवाज फाटू न देणारी सोय) चालू ठेवा. गाणं आणि झांज त्या मोकळ्या जागेत मावतात. मिक्सरच्या लाइनमध्ये गुणगुण येत असेल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंची थेट विजेची जोडणी तोडून आवाज पुढे देणारा) घाला. छोटी वस्तू आहे, कॅमेऱ्याच्या पिशवीत कायम असू द्या.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शटर आणि अंगरख्याचा मुद्दा आमच्या गटात लगेच वाचून दाखवला.

दादा, पुढे सरकण्याबद्दल. नारद मंदिरात ते शक्य आहे, पण उत्सवात पुढच्या रांगांत ज्येष्ठ मंडळी बसलेली असतात आणि मध्ये तिवई आली की त्यांना कीर्तनकार दिसत नाहीत. ते आम्ही करणार नाही. म्हणून २० पट झूम सोडवत नाही. तरीही फोकसचं तुमचं म्हणणं पटलं. मध्यंतरात हार आणि बुक्का झाला, की उपरणं कमरेला आवळून कीर्तनकार उत्तररंगाला उभे राहतात, आणि तिथून पुढे त्यांचं चालणं-फिरणं दुप्पट होतं. तेव्हाच फोकस सर्वांत जास्त सुटतो. त्यामुळे आता मन झेड२०० कडे झुकतंय. एनडीचा फायदा वर मिळेल तो मिळेल.

कार्डांचा हिशेबही मांडून ठेवते, पुढे कुणाला उपयोगी पडेल. १५० एमबीपीएसवर तासाला ६७.५ जीबी होतात, म्हणजे दोन तासांच्या कीर्तनाला १३५ जीबी. १२८ जीबीचं कार्ड ऐन आरतीच्या वेळी भरतं. म्हणून २५६ ची कार्डं, दोन्ही स्लॉटमध्ये एकाच वेळी नोंद, आणि घरी आल्यावर दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

आता शेवटची विनंती. घेण्याआधी हा कॅमेरा खऱ्या देवळात, खऱ्या ट्यूबलाइटखाली, पूर्ण झूमवर चालवून बघायचा आहे. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली गेनचं काहीच कळत नाही. झेड२०० किंवा त्याच्याच जातीचा एचएक्सआर-एनएक्स८०० पुण्यात कुणाकडे असेल, किंवा एका संध्याकाळीपुरता भाड्याने कुठे मिळतो हे माहीत असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शक्य असेल तर एक्सएफ६०५ ही शेजारी लावून बघू. भाडं आम्ही देऊ, केबल आणि तिवई आमच्याकडे आहे. आणि ज्यांनी ध्वनीचं लिहिलं, त्यांना मिक्सरच्या लाइनसाठी कोणता ट्रान्सफॉर्मर चालेल हेही विचारायचं आहे, तो बुधवार पेठेत मिळतो का?