मदत हवी आहे: स्मृतिभ्रंश झालेल्या आईला नाताळच्या कविता कशा वाचून दाखवाव्यात?

निशिगंध: आईला नाताळच्या जुन्या इंग्रजी कविता एके काळी तोंडपाठ होत्या, पण आता मी वाचायला बसले की ती थोड्याच वेळात चिडते किंवा उठून जाते. नाताळ तोंडावर आला आहे, तेव्हा कोणती कविता निवडावी ते कृपया लवकर सांगा.

वाटसरू: स्मृतिभ्रंश कोणत्या प्रकारचा आहे, त्यांना नीट ऐकू येते का आणि तुम्ही कोणत्या वेळी वाचता, हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

निशिगंध: अल्झायमर आहे, मधला टप्पा. ऐकू उत्तम येते. मी संध्याकाळी वाचते आणि मधूनमधून पुढची ओळ आठवते का, असे विचारते.

वाटसरू: मग अडचण कवितेची नसावी. या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढणे नेहमीचे आहे, म्हणून सकाळी वाचा. प्रश्न मुळीच विचारू नका, कारण माणसाला ती परीक्षा वाटते. त्याऐवजी ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा, यमक त्यांच्या ओठांवर आपोआप येऊ शकते.

पारिजात: त्यासाठी १८२३ साली छापलेली 'अ व्हिजिट फ्रॉम सेंट निकोलस' हीच घ्या. तिची लय धावती आहे आणि दर दोन ओळींना यमक आहे.

रानवारा: मला हे पटत नाही. छप्पन्न ओळी सलग ऐकवल्या तर थकवाच येईल. क्रिस्टिना रोझेटी यांची 'इन द ब्लीक मिडविंटर' पाचच कडव्यांची आहे, शिवाय संगीतकार होल्स्ट यांनी १९०६ साली तिला चाल दिली आहे. माझ्या वडिलांचे बोलणे जवळजवळ थांबल्यावरही ते ती चाल माझ्याबरोबर गुणगुणत असत.

पारिजात: सगळ्या छप्पन्न ओळी वाचा असे मी कुठे म्हटले? सुरुवातीच्या आठ ओळीच रोज वाचल्या तरी चालेल.

ग्रंथप्रेमी: सेंट निकोलसची ती कविता क्लेमंट मूर यांची मानली जाते, तरी हेन्री लिव्हिंगस्टन यांच्या वंशजांनी तिच्यावर हक्क सांगितला आहे, हे येथे नोंदवतो.

वाटसरू: लाँगफेलो यांची 'ख्रिसमस बेल्स' मात्र जपून निवडा, ती १८६३ साली अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लिहिलेली आहे आणि तिच्यातील तोफांचे व निराशेचे उल्लेख त्यांना अस्वस्थ करू शकतात.

निशिगंध: सर्वांचे मनापासून आभार. सकाळी रोझेटींच्या पहिल्या कडव्यापासून सुरुवात करते. गाताना ती रडू लागली तर थांबावे का?

रानवारा: लगेच थांबू नका. हात धरून गात राहा. त्यांनी हात सोडवून घेतला किंवा तोंड फिरवले तरच थांबा.