सातव्या आठवड्यात स्पॉटिंग, खूप टेन्शन आलंय, प्लीज मदत हवी आहे

मैत्रिणींनो मी प्रेग्नंट आहे, ७ आठवडे ३ दिवस झालेत. परवा सकाळी काळ्या चहाच्या रंगाचा डाग दिसला, दुपारी तो लाल झाला, पॅड भरेल इतकं नाही पण माझे हातपायच गळाले कारण मागच्या वर्षी ९व्या आठवड्यात मिसकॅरेज झालंय. लगेच सोनोग्राफी केली, ठोके दिसले, १३८ आहेत, पण पिशवीच्या बाजूला थोडं रक्त साठलंय म्हणाल्या मॅडम. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या रात्री आतून ठेवायला दिल्यात आणि १० दिवसांनी परत बोलावलंय. तासाभरात पॅड भिजलं, पोटात जोरात कळा आल्या किंवा चक्कर आली तर रात्र असली तरी सरळ या, असंही सांगितलंय.

आता सासूबाई पलंगावरून उतरूच देत नाहीत, पायाखाली दोन उशा. मॅडम म्हणाल्या नुसतं झोपून राहिल्याने गर्भपात टळत नाही, जड उचलू नका आणि संबंध टाळा बस. आई रोज फोनवर विचारते स्कूटीवर बसली होतीस का गं, म्हणजे चूक माझीच ना शेवटी!

कुणाला असं रक्त साठलं होतं का, किती दिवसांनी गेलं? तपकिरी डाग अजून थोडे येतातच. आणि माझा ब्लडग्रुप ओ निगेटिव्ह आहे, ह्यांचा पॉझिटिव्ह, बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध निगेटिव्ह आईच्या अंगात अँटीबॉडीज तयार होऊ नयेत म्हणून देतात त्या अँटी-डी इंजेक्शनचं विचारायचंच राहिलं गडबडीत. इतक्या लवकर कुणाला दिलं होतं का? उद्या मॅडमना फोन करतेच आहे, पण आज रात्री झोप येईल असं वाटत नाही, कुणी जागं असेल तर सांगा.